चौथ्या गेटाजवळचं दुकान

डॉक्टर हलगेकरांची सायकल
मी एका हातानं खुंटीला लावते.
भरमू कुगजीची उचलायची तर
आधी पदर खोचावा लागतो.

दोघांचा रस्ता एकच, तोंडं उलटी.
हा येळ्ळूरहून उद्यमबागेला, फौंड्रीत,
ते टिळकवाडीहून येळ्ळूरला,
राजहंसगडाचा चढ चढायला.
वर काय काम असतंय त्यांचं?
भरमूनं एकदा विचारलं होतं.
काही नाही. वर जातात आणि खाली येतात.
मग तो मोठ्या मनानं
थोडा वेळ गप्प राहिला.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी हँडलवरचं मीटर
माझ्याकडं टाकलं, पट्टी तुटलेली.
काडेपेटीएवढं यंत्र, वेग मोजतं, चढ मोजतं,
कुठून कुठं गेलात ते आभाळाला विचारून लिहून ठेवतं.
पट्टी दोन मिनिटांत झाली.
डॉक्टर मात्र म्हैसूरला, शनिवारपर्यंत.
मला काय बुद्धी झाली कोण जाणे,
मंगळवारी भल्या पहाटे, कुत्रीसुद्धा झोपलेली,
मी येळ्ळूरला माहेरी होते,
भरमूच्या कॅरिअरखाली ते बांधलं
ट्यूबच्या चिंध्यांनी, बटण दाबून.
तो म्हणाला,
असू दे की. वजन तर होत न्हाई?

शनिवारी डॉक्टर दुकानात उभ्याउभ्याच
मोबाइलवर बघत राहिले.
हे मी नाही.
मंगळवार, पाच चाळीस, सरासरी तेरा.
बुधवार, पाच चाळीस, तेरा.
गुरुवार. पाच चाळीस.
एवढं घड्याळासारखं कोण चालवतं हो?
आणि इथं अकरा मिनिटं? काय आहे इथं?

मी बाहेर बोट दाखवलं.
गेट पडलेलं होतं, मिरजेकडची गाडी यायची होती,
गेटमन कन्नडात ओरडत होता,
लोक मराठीत परत करत होते,
आणि दांड्याखालून एक बाई
सायकल आडवी करून, कोथिंबिरीसकट
पलीकडं गेलीसुद्धा.

बुधवारची रात्र साडेदहा.
ओव्हरटाइम, मी म्हटलं.
लाइट नाही त्याला. ओतकामाचा उजेड
डोळ्यांत राहतो म्हणे घरापर्यंत.
खरं की थट्टा, मलाही कळलेलं नाही.

मग डॉक्टरांचं बोट थांबलं.
गुरुवार संध्याकाळ. सुरुवात खडेबाजारातून.
वेग चार.
अनगोळला चार. शेतांतून चार.
शेवटपर्यंत चारच.
पंक्चर? की पायात गोळा?

शिलाई मशीन, मी म्हटलं.
जुनं, लोखंडी पायाचं, सुनेसाठी.
कॅरिअरवर आडवं बांधलं,
एका हातात हँडल, एका हातात मशीन,
आणि चालत.
सायकल त्याला नेत नव्हती त्या दिवशी.
तो सायकलला नेत होता.

डॉक्टर दात काढतात लोकांचे,
बोलायची सवय त्यांना आहे, ऐकायची कमी,
समोरच्याचं तोंडच उघडं असतं सारखं.
पण त्या दिवशी काही बोलले नाहीत.
मोबाइल विचारत होता, या फेरीला नाव काय देऊ,
त्यांनी तो तसाच खिशात घातला.
पैसे दिले. पट्टीचे वीस.
मी वीसच घेतले.
जाताना विचारलं, दिसतो कसा?
काळी बावीस इंची, मी म्हटलं, दांड्याला डबा.
सायकलच सांगितली मी. माणसाचं सांगायचं राहिलंच.

सोमवारी भरमू हवा भरायला थांबला.
पंप हाणता हाणता म्हणाला,
डॉक्टर बरं हाईत न्हवं?
का?
काल डबल पाळी होती, निघालो हुतो.
समोरनं आठ-दहा जणं आली, रंगीत, वाकून,
सगळ्यांच्या फुडं हे.
माझ्याजवळ आले आन्
घंटी न्हाई त्यांच्या सायकलीला,
तर तोंडानंच,
एवढा मोठा माणूस,
ट्रिंग ट्रिंग म्हणाले.

मग तू?

मी काय करणार.
माझ्याकडं हाय की घंटी.
वाजवली.